कुटुंबाच्या मोटारीतील नेहमीचे बिघाड आणि सोयी : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात रोज वापरल्या जाणाऱ्या पेट्रोल, डिझेल व सीएनजीवरील लहान मोटारींबाबत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ऊन, धूळ आणि जड पाणी या तीन गोष्टींचा उल्लेख बहुतेक उत्तरांत येईल, कारण इथल्या गाड्यांच्या तक्रारींचे मूळ बहुधा त्यांच्यातच असते. हवेचा दाब, ऑइलची प्रत, कूलंटचा प्रकार यांचे आकडे गाडीगणिक बदलतात. त्याबाबत गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका आणि हे उत्तर यांत फरक आढळल्यास पुस्तिकाच प्रमाण मानावी.

डॅशबोर्डवर दिवा लागल्यास गाडी लगेच थांबवावी, की घरापर्यंत नेता येते?

आधी दिव्याचा रंग पाहावा. हिरवा किंवा निळा दिवा एखादी सोय चालू असल्याचे सांगतो. पिवळा दिवा बिघाड दाखवतो, पण तपासणीसाठी सहसा सवड देतो. लाल दिवा मात्र सहसा सवड देत नाही. त्यातही ऑइलच्या दाबाचा लाल दिवा सर्वांत गंभीर समजावा. तो धावत्या गाडीत लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे, काही मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी पाहावी आणि पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर गाडी ओढून न्यावी. ऑइलच्या दाबाशिवाय इंजिन काही मिनिटे चालले तरी बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट खराब होऊ शकतात, आणि त्या दुरुस्तीपुढे टोइंगचा खर्च किरकोळ ठरतो.

बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) बॅटरी चार्ज करीत नाही, असा त्याचा अर्थ होतो. एसी, म्युझिक सिस्टिम आणि मोबाइलचा चार्जर बंद केल्यास थोडे अंतर कापता येते. मात्र अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटल्यामुळे दिवा लागला असेल, तर काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. त्यामुळे तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नये.

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत स्कॅन करून घेणे पुरेसे आहे. तोच दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि ते तसेच एक्झॉस्टमधील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचत आहे. अशा वेळी वेग कमी करून जवळचे गॅरेज गाठावे. स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे खराब भागाचे नाव नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष वायरिंगचा निघाला, असे अनेकदा घडते. म्हणून कोड लिहून घ्यावा आणि भाग बदलण्यापूर्वी मिस्त्रींनी नेमके काय तपासले, हे त्यांना विचारावे.

एप्रिल-मे महिन्यांत गाडी गरम होते. कारण काय असावे?

सोलापूरचा पारा या दिवसांत ४० अंशांच्या वर जातो, परंतु सुस्थितीतील गाडी केवळ हवामानामुळे गरम होत नाही. उन्हाळा फक्त आधीपासून असलेला दोष उघडा पाडतो.

काटा लाल रेषेकडे सरकू लागताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात ठेवावा. हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची थोडी उष्णता बाहेर ओढतो. त्यानेही काटा खाली न आल्यास, किंवा बोनेटखालून वाफ दिसल्यास, इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. त्या झाकणामुळे आत दाब निर्माण होतो आणि त्या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, द्रव एकदम उकळतो आणि तोंडावर व हातावर उसळतो.

गाडी नेमकी केव्हा गरम होते, यावरून अर्धे निदान होते. सात रस्ता किंवा नवी पेठेच्या गर्दीत गरम होते आणि महामार्गावर ठीक राहते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज पाहावा, कारण चालत्या गाडीला वारा मिळतो आणि थांबलेल्या गाडीला पंख्यावर अवलंबून राहावे लागते. उलट, शहरात ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम होत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असणे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) अर्धवट उघडणे किंवा पाण्याचा पंप कमकुवत होणे या शक्यता पुढे येतात. कूलंट कुठेही गळताना दिसत नाही, तरी दर आठवड्याला कमी होते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांमधील सील) तपासून घ्यावे.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घातले तर काय बिघडते? आणि थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार गरम पृष्ठभागावर बसतात, आणि गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी रसायने नसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, किंवा तयार मिळणारे मिश्रण वापरावे आणि वेगवेगळ्या प्रकारची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. रस्त्यात अडचण आली तर पिण्याच्या बाटलीतील पाणी घालून गाडी गॅरेजपर्यंत नेण्यास हरकत नाही. मात्र तेथे ते काढून टाकून कूलंट नव्याने भरून घ्यावे.

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास गाडी गरम होत नाही, हा समज अजून अनेक ठिकाणी टिकून आहे. तो सल्ला मानू नये. इंजिन सुमारे ९० अंशांच्या आसपास चालावे, अशीच त्याची रचना असते. थर्मोस्टॅट नसेल तर ते थंडच राहते, संगणक त्याला जास्त इंधन देत राहतो, एव्हरेज घसरते आणि इंजिनची झीज वाढते. खराब थर्मोस्टॅट बदलावा. तो फार महाग भाग नाही.

एसी चालू आहे, पण दुपारी गारवा येत नाही. गॅस भरून घ्यावा का?

गॅस भरण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. एसीचा गॅस बंद परिपथात फिरतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे त्याच बिघाडाचे दरवर्षी पैसे मोजणे होय.

प्रथम केबिन फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. इथल्या धुळीत तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. हवेचा झोत मंद पण गार असेल, तर दोष बहुधा तिथेच सापडतो. झोत जोरदार असूनही गार नसेल, तर रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरवर साचलेली माती आणि किडे साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत. प्रेशर वॉशरची धार जवळून मारल्यास त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. सिग्नलला गारवा जातो आणि गाडी पळू लागताच परत येतो, तर पुन्हा पंख्याकडेच बोट जाते. इंजिन फार तापल्यास काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो, हेही लक्षात ठेवावे.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्यावर काचा खाली करून पहिली दोन मिनिटे गाडी चालवावी, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच काचा लावून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. लहान मुलांना, अगदी पाच मिनिटांसाठीही, बंद गाडीत ठेवू नये.

एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकते. गळती आहे का?

स्वच्छ पाणी टपकत असेल तर ते हवेतील बाष्पाचे पाणी असून ते बाहेर पडणेच योग्य आहे. तेच पाणी पुढच्या सीटसमोरच्या मॅटवर येऊ लागले, तर निचऱ्याची नळी चोंदली आहे. रंगीत, चिकट किंवा गोडसर वासाचा द्रव असेल तर ते कूलंट समजावे.

सकाळी चावी फिरवल्यावर फक्त टक-टक आवाज येतो. सेल्फ खराब झाला का?

टक-टक असा जलद आवाज येत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमला आहे. एकच मोठा टक आवाज येतो आणि दिवे प्रखर राहतात, तेव्हा सेल्फकडे वळावे. बॅटरी थंडीत दगा देते असे मानले जाते. प्रत्यक्षात तिची झीज उन्हाळ्यात होते, कारण उष्णतेने आतले पाणी उडते आणि प्लेट गंजतात. थंडीच्या सकाळी ती झीज फक्त उघड होते.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्मी उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर सामान्यतः अल्टरनेटर ठीक आहे. नवीन गाड्यांत परिस्थितीनुसार हा आकडा थोडा वरखाली होतो. चार्जिंग ठीक असूनही दर दोन दिवसांनी बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असतानाही वीज खाणारे काहीतरी जोडलेले आहे. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा स्वस्त सेंट्रल लॉकिंग यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना क्रम पाळावा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये, हा त्यामागील हेतू आहे. धक्का मारून गाडी चालू करण्याची जुनी पद्धत ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला लागू पडत नाही, आणि नव्या पेट्रोल गाड्यांतही टाळलेली बरी.

बटण दाबून चालू होणारी गाडी 'चावी सापडत नाही' असे सांगते. रस्त्यात काय करावे?

रिमोटमधील सेल उतरला आहे. बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला अगदी टेकवून धरला आणि ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबले की गाडी चालू होते. काहींत रिमोट ठेवण्याची जागा वेगळी असते. दार उघडण्यासाठी रिमोटच्या आतच धातूची लहान चावी लपवलेली असते. सेल बहुधा सीआर २०३२ या गोल प्रकाराचा असतो आणि घड्याळाच्या दुकानात मिळतो.

टायरमधील हवा उन्हाळ्यात कमी ठेवावी का?

नाही. हा गैरसमज धोकादायक आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्याने आणखी तापतो आणि तापलेल्या महामार्गावर फुटण्याची शक्यता वाढते. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. धावून आलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. सकाळी गाडी फार चालण्यापूर्वी हवा तपासावी. पाचही जण आणि सामान घेऊन पुण्याला किंवा हैदराबादला निघताना स्टिकरवरील पूर्ण भाराचा आकडा पाळावा. स्टेपनीतही हवा भरून घ्यावी. ही गोष्ट जवळजवळ सर्वजण विसरतात.

टायरच्या हवेचा पिवळा दिवा हवा भरल्यावरही विझत नसेल, तर दोन शक्यता असतात. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. इतर गाड्या चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधतात आणि हवा भरल्यावर मेनूमधून किंवा बटणाने त्यांना नव्याने नोंद करून द्यावी लागते.

टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे कायद्यानेही आवश्यक आहे. खाचांमध्ये असलेले उंचवटे पृष्ठभागाच्या बरोबरीला आले, म्हणजे ती मर्यादा आली. टायरवरील चार अंकी आकडा त्याचा जन्म सांगतो. '२४२३' म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. 'नवीन' म्हणून विकला जाणारा टायर घेताना हा आकडा अवश्य वाचावा.

महामार्गावर गाडी मध्येच पीप-पीप करते. कोणता सेन्सर बिघडला आहे?

कोणताही नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत वेगाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर ती थांबून थांबून वाजते आणि १२० च्या वर सतत वाजते. गाडी मागे घेताना वाजणारा पार्किंग सेन्सर आणि सीट बेल्टची आठवण याच नियमातून आली. बेल्टचा आवाज बंद करण्यासाठी बाजारात मिळणारी नुसती कडी विकत घेऊ नये. एअरबॅग आणि बेल्ट एकत्र काम करतात, हे त्यामागील कारण आहे.

जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली थरथर जाणवते. बिघाड आहे का?

ती एबीएसची थरथर आहे. चाक जागीच अडकू नये म्हणून यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडते आणि धरते. पाय उचलू नये आणि पेडल पंप करू नये. दाबून ठेवावे आणि स्टिअरिंग हाताळावे. साध्या, हलक्या ब्रेकलाही थरथर जाणवत असेल तर मात्र डिस्क असमान झिजली आहे.

किरकिर असा बारीक आवाज पॅड संपत आल्याचा इशारा असतो. घरघर असा धातूचा आवाज येत असेल तर पॅड संपून डिस्क खरवडली जात आहे. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारा आवाज वरवरच्या गंजाचा असतो आणि आपोआप जातो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, अन्यथा तुळजापूरचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास ते उकळून पेडल मऊ पडू शकते. घाटात खालचा गिअर टाकून इंजिनच्या ओढीने वेग रोखावा.

स्टिअरिंग थरथरते किंवा गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट करावे की बॅलन्सिंग?

८० ते १०० च्या वेगात थरथर असेल तर बॅलन्सिंग, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला जात असेल तर आधी दोन्ही बाजूंची हवा व मग अलाइनमेंट.

डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. फिल्टर बदलावा का?

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, असतो. काजळी साचली की तो तापून ती जाळतो, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. जुळे सोलापूरहून शाळा, शाळेहून बाजार आणि बाजारातून घर, एवढ्याच फेऱ्या होणाऱ्या गाडीला ती संधी मिळतच नाही. दिवा लागताच मोहोळच्या दिशेने महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे ६० पेक्षा अधिक वेगाने गाडी चालवल्यास बहुतेक वेळा दिवा विझतो. दुर्लक्ष केल्यास पिकअप जातो आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय उरत नाही. ज्यांचा वापर केवळ शहरातला आहे, त्यांनी पुढची गाडी डिझेलची घेऊ नये, असे स्पष्ट मत आहे.

ई-२० पेट्रोलमुळे एव्हरेज कमी झाले का?

थोडे होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. ज्या जिल्ह्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत, तेथे या विषयावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते, परंतु गाडीपुरता मुद्दा असा की एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतील भाग या मिश्रणासाठी योग्य असतात. त्यापूर्वीच्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहून घ्यावेत. एव्हरेज मात्र एकदम चौथाईने घसरले असेल, तर इथेनॉलला दोष न देता एअर फिल्टर, टायरची हवा आणि अडकलेला ब्रेक तपासावा.

सीएनजीचा वास येतो. काय करावे?

गाडी मोकळ्या जागी थांबवावी, इंजिन बंद करावे, काचा आणि दारे उघडावीत, सर्वांना खाली उतरवावे आणि सिलिंडरचा हाताने फिरणारा व्हॉल्व्ह बंद करावा. मोबाइलच्या उजेडातही स्वतः गळती शोधत बसू नये. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे.

उंदरांनी वायर कुरतडल्या. उपाय आहे का?

इंजिनची ऊब आणि निवारा यांमुळे उंदीर बोनेटमध्ये येतात. गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, रोज वापर नसेल तर दोन-तीन दिवसांतून एकदा गाडी हलवावी आणि खालून जाळी बसवून घ्यावी. फवारे आणि तंबाखूच्या पुड्या यांचा परिणाम फार टिकत नाही. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावण्याऐवजी डाग देऊन जोडून घ्यावी.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. पुन्हा चालू करून पाहावी का?

मुळीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने दाखवून दिले की कमी पावसाच्या या जिल्ह्यातही हा प्रश्न काल्पनिक नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर ते हवेसारखे दबत नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. विम्यात इंजिन संरक्षणाचे कलम वेगळे घेतलेले नसेल, तर हा खर्च बहुधा नाकारला जातो. बॅटरीची वायर काढून गाडी ओढून न्यावी.

बॅटरी बदलल्यावर काचा एका झटक्यात वर जात नाहीत. मागचे दार आतून उघडत नाही.

काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवावे, स्मृती परत येते. दाराचा प्रश्न बहुधा चाइल्ड लॉकचा असतो. दार उघडल्यावर त्याच्या कडेला असलेला लहान खटका फिरवावा.

समोरचे वाहनचालक सारखे डिपर देतात. दिवे खराब आहेत का?

स्टिअरिंगजवळ ० ते ३ असे आकडे असलेली चकती पाहावी. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक उचलले जाते आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी आकडा वाढवावा. एकटे असताना तो शून्यावर आणावा. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांतील अनेकींना मागे दिवा नसतो. तेव्हा झोत फार खाली असणेही परवडत नाही. काच पिवळी पडली असल्यास पॉलिश करून घ्यावी. बेकायदा प्रखर बल्ब लावू नये.

महामार्गावर गाडी बंद पडल्यास प्रथम काय करावे?

पार्किंगचे चारही दिवे लावावेत, गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. चाक बदलायचे असले तरी मुलांना मागच्या सीटवर बसवून ठेवू नये. लाल परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर आणि वेगवान रस्त्यावर त्याहूनही दूर ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ठिकाण सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड आणि आपण कोणत्या दिशेने जात होतो हे सांगावे, म्हणजे मदतीची गाडी दुभाजकाच्या योग्य बाजूने येते.